किल्ला बघायला येणाऱ्यांसाठी

किल्ला कसा बांधावा हे सांगणारी माणसं आपल्याकडं पुष्कळ आहेत. बांधून झालेला किल्ला कसा बघावा, आणि बघून झाल्यावर बांधणाऱ्या पोरांशी काय बोलावं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ही पुस्तिका तेवढ्यासाठी आहे. ती आईवडिलांसाठी आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी आहे, शिक्षकांसाठी आणि स्पर्धेच्या परीक्षकांसाठी आहे, आणि दिवाळीच्या संध्याकाळी फराळ करून सहज गल्लीतून फेरी मारायला निघालेल्या प्रत्येकासाठी आहे.

आमचं बोरगाव निपाणी तालुक्यात, दूधगंगेच्या खोऱ्यात. एका अंगाला निपाणी, दुसऱ्या अंगाला इचलकरंजी आणि मधून गेलेली राज्याची सीमा. ऊस आणि तंबाखूचा हा मुलूख. दिवाळी तोंडावर आली की इथं अंगणात, बोळात, देवळाच्या कट्ट्यालगत, गोठ्याच्या भिंतीला टेकून किल्ले उभे राहायला लागतात. बेळगाव शहरात तर गल्लीगल्लीतली तरुण मंडळं नकाशे समोर ठेवून मोठमोठ्या प्रतिकृती करतात, किल्ल्याचा इतिहास लाउडस्पीकरवरून ऐकवतात, आणि माणसं बायकापोरांसह ते बघत रात्री उशिरापर्यंत फिरतात.

या किल्ल्यांमागं किती खटाटोप असतो ते बघणाऱ्याला सहसा दिसत नाही. कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची. दिवाळीला मोजकेच दिवस मिळतात. सीमेपलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोरांच्या हाताशी दिवाळीची सुट्टी असते. इकडची पोरं शाळा सुटली की दप्तर टाकून माती चाळायला बसतात आणि अंधार पडला की बॅटरीच्या उजेडात बुरूज लिंपतात. कुणाच्या तरी बांधकामावरचे विटांचे तुकडे मागून आणायचे, दुकानदाराकडून गोणपाट मिळवायचं, ते चिखलात बुडवून दगडांच्या ढिगावर पांघरायचं म्हणजे डोंगराला उतार येतो. मग पायऱ्या, तट, दरवाजा. दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाईनच्या नळीचं कारंजं. आणि हे सगळं झाल्यावर आपण जातो आणि म्हणतो काय? ‘छान केलाय’ म्हणतो आणि पुढच्या किल्ल्याकडं वळतो. नाहीतर ‘आमच्या वेळी आम्ही खरे दगड घडवून लावायचो’ असं आपलंच सांगत बसतो. नाहीतर उभ्या उभ्या बोट दाखवतो, ‘हा बुरूज वाकडा झालाय बघ.’ पहिल्यात बघणंच झालेलं नाही. दुसऱ्यात बघणारा स्वतःकडंच बघतोय. तिसऱ्यात एवढ्या किल्ल्यातला वीतभर तुकडा तेवढा दिसला.

माझं म्हणणं इतकंच आहे की कौतुक आणि सूचना या दोन वेगळ्या गोष्टी समजू नयेत. पोरांना काय करायचं होतं ते आधी समजून घेतलं, की काय साधलं आणि काय राहिलं हे दोन्ही एकदमच दिसतं. मग कौतुक पोकळ राहत नाही आणि सूचना बोचत नाही. पुस्तिकेतली सगळी टिपणं याच एका धाग्यावर ओवलेली आहेत.

बांधायचा खेळ जगात सगळीकडं आहे, आणि बांधलेल्या वस्तूवर कसं बोलावं हा प्रश्नही सगळीकडं आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियान्सेन या सुतारानं १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली आणि त्यातून लेगो ही कंपनी उभी राहिली. वरच्या अंगाला गुंड्या आणि खालच्या पोकळीत नळ्या असलेल्या आजच्या प्लास्टिकच्या विटेचा पेटंटअर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. त्या काळची वीट आजच्या विटेवरही बसते. एकाच रंगाच्या, दोन बाय चार गुंड्यांच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात, असं कोपनहेगन विद्यापीठातल्या गणितज्ञांनी मोजून दाखवलं आहे. एवढी मोकळीक हातात आल्यावर माणसं डब्यातल्या चित्राप्रमाणं बांधून थांबत नाहीत. जगभर हजारो हौशी लोक, त्यात पोक्त माणसंही आली, आपल्या मनातले किल्ले, आगगाड्या, बंदरं, आख्खी गावं त्या विटांतून उभी करतात, प्रदर्शनात मांडतात आणि एकमेकांच्या कामावर बोलतात.

त्यांच्यातल्या जाणत्या मंडळींची बोलायची रीत आपण उचलावी अशी आहे. आधी बांधणाऱ्याला विचारायचं, तुला काय दाखवायचं होतं? मग जे जमलंय ते नाव घेऊन सांगायचं: छपराचा उतार, खिडकीची जागा, दोन रंगांची सांगड. मग, त्याला ऐकायचं असेल तर, एखादी गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं कशी करता येईल ते सांगायचं, आणि जमल्यास चार सुट्या विटा घेऊन करून दाखवायचं. त्याच्या मॉडेलला हात न लावता. बांधणाऱ्यालाही त्यामुळं बोलायला जागा मिळते. तो सांगतो की तो रंग मुद्दाम घेतलेला नाही, तेवढ्याच विटा होत्या.

त्यांच्या विटांत आणि आपल्या मातीत एक मोठं साम्य आहे. दोन्ही बांधकामं कायमची ठेवायची नसतात. विटांचं मॉडेल सुटं होऊन पुन्हा डब्यात जातं. आपला किल्ला तुळशीच्या लग्नाच्या आगंमागं मोडतो, दगड पुढच्या वर्षासाठी कोपऱ्यात रचून ठेवले जातात आणि मावळे पुसून खोक्यात जातात. म्हणजे किल्ल्यावर आपण जे बोलतो ते त्या किल्ल्याच्या कामाचं नसतं. तो तर महिन्याभरात नाहीसा होणार. आपलं बोलणं उरतं ते पोरांपाशी, आणि पुढच्या वर्षी मातीत हात घालताना तेच त्यांना आठवतं.

आता बघण्याविषयी. पहिली गोष्ट, खाली बसा. दोन-अडीच फुटांचा किल्ला उभ्यानं बघितला तर फक्त डोंगराचा माथा आणि सिंहासनावरचे महाराज दिसतात. उकिडवं बसून नजर तटाच्या उंचीला आणली की किल्ला उघडतो. पायथ्याचं गाव दिसतं, वर चढणारी वाट दिसते, दरवाजा दिसतो किंवा मुद्दाम लपवलेला असतो. मग जमेल तेवढं सभोवार फिरा, कारण भिंतीकडच्या बाजूला पोरांनी काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि ते कुणी बघत नाही म्हणून त्यांचा जीव चुटपुटत असतो.

दुसरी गोष्ट, विचारा. एका बोळातला किल्ला घ्या. पायथ्यापासून निघालेली वाट तीन वेळा वळून वर गेली होती आणि दरवाजा समोरून कुठंच दिसत नव्हता. वरवर बघणाऱ्याला वाटेल की पोराचा हात हलला. त्याला विचारलं, “ही वाट अशी वाकडी का नेलीस रे?”

“सरळ नेली तर खालनं दरवाजा दिसतोय की ओ काका. मग तोफ डागतील.”

“आणि वळणावर हा बुरूज?”

“तिथनं मारा करायचा. वळताना त्यांची पाठ आमच्याकडं येत्या.”

नऊ-दहा वर्षांचं पोर. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड का दडवलाय, गोमुखी बांधणीत शत्रूला कसं कोंडीत धरतात, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं की कुणाकडून ऐकलं होतं की मातीत खेळता खेळता त्याचं त्यालाच सुचलं होतं, याला महत्त्व नाही. त्यानं विचार करून वाट वळवली होती. ‘छान केलाय’ म्हणून पुढं गेलेल्या माणसाला तो विचार कधीच कळला नसता. आणि आपला विचार कुणाला तरी कळला, याच्याएवढी मोठी शाबासकी बांधणाऱ्याला दुसरी नसते.

विचारताना एक फरक ध्यानात ठेवावा. काही किल्ले खऱ्या गडाची प्रतिकृती असतात, काही मनातले असतात. दोन्हींना एकच माप लावलं की अन्याय होतो. कुणी राजगड केला असेल तर संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी कुठं आहे, सुवेळा माची कोणत्या अंगाला आहे, बालेकिल्ला पुरेसा उंच उठलाय का, हे विचारणं रास्त आहे. सिंधुदुर्ग केला असेल तर चारही बाजूंनी पाणी हवं, आणि भर समुद्रात असूनही आत गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत हे पोरांना माहीत आहे का, ते बघावं. पन्हाळा केला असेल तर तीन दरवाजा आणि अंबरखाना शोधावा. पण मनातला किल्ला केला असेल तर ‘हा कुठला गड?’ या प्रश्नानं पोरं गोंधळतात आणि घाईनं कुठलं तरी नाव सांगून मोकळी होतात. तिथं विचारायचं ते असं, ‘शत्रू कुठून येणार? तुम्ही त्याला कुठं अडवणार? वेढा पडला तर किती दिवस काढाल?’

या प्रश्नांसाठी आपल्याला लांब जायला नको. छत्रपती शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीचा अनुभव गाठीशी असलेले रामचंद्रपंत अमात्य यांनी कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, इ. स. १७१५-१६ च्या सुमारास, आज्ञापत्र लिहिलं. त्यातलं दुर्गांवरचं प्रकरण म्हणजे किल्ला कसा तपासावा याचा उत्तम पाठ आहे. पंतांचा पहिला प्रश्न पाण्याचा. गडाची जागा धरण्याआधी पाणी बघावं. पाणी नसेल आणि जागा सोडण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी, तळी करावीत आणि ती पावसाळ्यापर्यंत पुरतील अशी मजबूत बांधावीत. एखाद्या झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या दणक्यानं झरे आटतात, म्हणून जादा साठा हवाच. दरवाजाबद्दल त्यांचं म्हणणं असं की तो खालच्या माऱ्यातून चुकवलेला असावा, त्याच्यापुढं बुरूज असावा आणि येण्याजाण्याची वाट बुरुजाच्या टप्प्यात असावी. गडाला एकच दरवाजा असणं हा त्यांनी मोठा दोष मानला आहे. आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या हव्यात, नेहमीच्या वापरापुरत्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. दारूखाना वस्तीला लागून नसावा. गडावर झाडं लावावीत, गडाभोवतीची झाडी राखावी.

हे सगळं पोरांच्या भाषेत आणलं की हातात काही साधे प्रश्न येतात. गडावरची माणसं पाणी कुठलं पितात? दरवाजा खालून दिसतो का? एक दरवाजा पडला तर बाहेर कुठून पडणार? दारूगोळा कुठं ठेवलाय? धान्य कुठं? यातला पाण्याचा प्रश्न विशेष कामाचा आहे. बहुतेक किल्ल्यांना पायथ्याशी तळं असतं, त्यात प्लास्टिकची बदकं असतात, आणि वर गडावर मात्र थेंबभर पाणी नसतं. ‘गडावर पाणी नाही’ असं सांगितलं तर ती चूक काढणं झालं. ‘वर पाणी कुठलं रे?’ असं विचारलं तर पोरं एकमेकांकडं बघतात, आणि पुढच्या दोन मिनिटांत कुणीतरी बाटलीचं झाकण घेऊन बालेकिल्ल्यावर टाकं खोदायला लागतं. पन्हाळ्यावरच्या अंधारबावीची गोष्ट सांगायची ती अशा वेळी. विहीर नुसती खोदली नाही, तिच्यावर तीन मजली दगडी बांधकाम करून पाणी सुरक्षित ठेवलं. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा गडानं महिनोन्महिने सोसला त्यामागं शौर्याबरोबर असं पाणी आणि अंबरखान्यातलं धान्यही होतं. ऐकणाऱ्या पोरांना इतिहास त्या क्षणी हातातल्या झाकणाएवढा जवळ येतो.

कारागिरीबद्दल बोलताना मात्र जरा अधिक माहिती असावी लागते, म्हणून पुस्तिकेत त्यावर सविस्तर टिपणं आहेत. आपल्या नदीकाठच्या काळ्या मातीचं उदाहरण घ्या. ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. नुसत्या काळ्या मातीनं लिंपलेल्या बुरुजाला दोन दिवसांत भेगा पडणारच. ‘भेगा पडल्यात’ हे पोरांना आपल्याआधी दिसलेलं असतं आणि त्याचं दुःखही झालेलं असतं. त्यांना हवं असतं ते कारण आणि उपाय. मातीत थोडी वाळू किंवा तांबडी माती मिसळा, बारीक भुसा आणि शेण घाला, एकाच वेळी जाड थर देऊ नका, पहिला हात वाळला की दुसरा द्या. बेळगावकडं तांबडी माती सहज मिळते, तिकडच्या पोरांना ही अडचण कमी येते. म्हणजे भेग हा पोराचा दोष नसतो, मातीचा स्वभाव असतो. तो समजावून सांगितला की पोरगं पुढच्या वर्षी माती आधी हातात चुरून बघतं.

तटाच्या भिंती ढासळण्याचं कारण बहुधा एकच असतं. विटेवर वीट, सांध्यावर सांधा असा सरळ रचलेला थर. गवंडी सांधा तोडून वीट लावतो, म्हणजे वरची वीट खालच्या दोन विटांवर अर्धी अर्धी बसते. प्लास्टिकच्या विटांतही हाच नियम आहे. सांधे एकाखाली एक आले की भिंत उभी चिरल्यासारखी सुटते. शहरातल्या फ्लॅटमध्ये माती मिळत नाही तिथं मुलं आता त्या विटांचे किल्लेही करतात, आणि त्यांच्या किल्ल्याकडंही याच आस्थेनं बघायला हवं. तयार किल्ला विकत आणून मांडण्यापेक्षा स्वतः जोडलेला, थोडा वेडावाकडा किल्ला केव्हाही मोलाचा.

मापाचा मुद्दा असाच. मावळा दरवाजापेक्षा उंच, हत्ती तटावरून वर आलेला, हे दृश्य आपल्याला हमखास दिसतं. हसू येतं, पण हसू नये. कारण पोरं आधी किल्ला बांधतात आणि चित्रं, म्हणजे मावळ्यांचे, हत्तींचे छोटे पुतळे, बाजारातून शेवटी आणतात. सांगायचं ते एवढंच की चित्रं आधी आणा, त्यातला एक मावळा डोंगराच्या उतारावर उभा करा आणि त्याला वाकावं लागणार नाही एवढा दरवाजा ठेवा. लेगोच्या खेळात १९७८ साली जेमतेम चार सेंटिमीटर उंचीची माणसं आली, तेव्हापासून कित्येक हौशी बांधणारे आधी ते माणूस समोर उभं करतात आणि त्याच्या मापानं दारं, खिडक्या, जिने ठरवतात. आपल्या पोरांनाही हे एकदा दाखवलं की पुरतं.

हळीव पेरण्याचंही तसंच. डोंगर हिरवा दिसावा म्हणून हळीव, मोहरी किंवा नाचणी टाकतात. उगवून बोटभर यायला काही दिवस लागतात. वसुबारसेला पेरलं तर पाडव्याला जेमतेम कोंब दिसतात. ‘गवत उगवलं नाही’ म्हणण्यात अर्थ नाही, ‘पुढच्या वर्षी चार दिवस आधी पेरा, वर ओलं फडकं टाका’ म्हणण्यात आहे. परतीचा पाऊस झाला तर पाणी वाहून जायला डोंगराला चर ठेवा, हेही सांगावं.

आता सगळ्यात नाजूक भाग, दोष कसा सांगावा. पाच-सहा गोष्टी खटकल्या तरी एकच सांगावी, आणि ती पोरांच्या हातात असलेली असावी. बापाकडं पैसे नाहीत म्हणून चित्रं कमी आहेत, जागा नाही म्हणून किल्ला लहान आहे, यावर अवाक्षर काढू नये. भरल्या गर्दीत सांगू नये. बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगावं. पलीकडच्या गल्लीतल्या किल्ल्याशी तुलना तर मुळीच करू नये. बोट लावून ‘हे असं पाहिजे’ म्हणत स्वतः दुरुस्ती करायला जाऊ नये, कारण तिथून पुढं तो किल्ला पोरांचा राहत नाही. आणि ‘सांगू का एक?’ असं आधी विचारावं. पोर ‘नको’ म्हणालं तर ‘बरं’ म्हणून उठावं. त्याच्या किल्ल्यावर त्याचं राज्य आहे.

किल्ल्यावर हेलिकॉप्टर ठेवलेलं असतं, क्रिकेट खेळणारी चित्रं असतात, पायथ्याशी एसटी उभी असते. यावरून मोठी माणसं पोरांना हमखास टोकतात. प्रतिकृती म्हणून केलेल्या, इतिहास सांगणाऱ्या किल्ल्यात हेलिकॉप्टर नको, हे खरं. पण सहा वर्षांच्या पोरानं आपलं सगळ्यांत आवडतं खेळणं सगळ्यांत उंच जागी नेऊन ठेवलं असेल, तर त्यानं आपल्या परीनं किल्ल्याचा मान केला आहे. त्याला विचारा, हे कुणाचं? तो सांगेल. थोरला झाल्यावर ते हेलिकॉप्टर तो स्वतःच खाली उतरवेल.

किल्ला एकट्याचा नसतो, हेही बघणाऱ्यानं विसरू नये. पुढं येऊन बोलणारा एक असतो. माती चाळणारी, पाणी आणणारी, रात्री कुत्री येऊ नयेत म्हणून राखण करणारी बाकीची मागं उभी असतात. त्यात मुली असतात, घरात कानडी बोलणारी पोरं असतात, नुसतंच हाताखाली राबणारं शेंडेफळ असतं. ‘हा तट कुणी लिंपला? पायऱ्या कुणाच्या?’ असं नाव घेऊन विचारलं की मागची पोरं पुढं सरकतात. आमच्या या द्विभाषिक मुलखात एकाच किल्ल्याला मराठी आणि कानडी बोलणारे हात लागतात, आणि माती दोघांचीही आहे. बघणाऱ्यानं दोघांशीही त्यांच्या त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलावेत.

स्पर्धांविषयी थोडं. स्पर्धांनी किल्ल्यांना प्रतिष्ठा दिली, मोठ्या मुलांना अभ्यासाला लावलं, बेळगावसारख्या शहरात तरुणांची एक परंपरा उभी केली. परीक्षकांना एका संध्याकाळी कितीतरी किल्ले बघायचे असतात, वेळ थोडा असतो, हेही समजण्यासारखं आहे. पण गुण देऊन निघून जाणं पुरेसं नाही. पहिल्या नंबरच्या पोरांना ढाल मिळते. बाकीच्यांना आपला नंबर का आला नाही ते कधीच कळत नाही, आणि दोन-तीन वर्षांत ती पोरं किल्ला करायची थांबतात. म्हणून आमची विनंती आहे की परीक्षकांनी प्रत्येक किल्ल्यापाशी दोन ओळी लिहून ठेवाव्यात. एका ओळीत नेमकं काय आवडलं, दुसरीत पुढच्या वर्षी काय करून बघावं. आणि लहान मुलांचे, मोठ्यांचे, प्रतिकृतीचे, कल्पनेचे किल्ले निरनिराळे बघावेत.

ही पुस्तिका याच वर्षी काढावीशी वाटली त्यालाही कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी असे हे बारा किल्ले. यातला पन्हाळा आम्हाला सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखा. संकेश्वरजवळचा वल्लभगड, बेळगावजवळचा येळ्ळूरचा राजहंसगड, खंदकानं वेढलेला खुद्द बेळगावचा भुईकोट, गडहिंग्लजकडचा सामानगड हे या यादीत नाहीत, पण आमच्या पोरांच्या पायाला जवळचे आहेत. मातीच्या किल्ल्यावर चांगलं बोलायचं असेल तर पोरांना घेऊन यातल्या एखाद्या गडावर जावं. दरवाजात उभं राहून वाट कशी वळते ते दाखवावं. दिवाळीत त्यांना सांगायच्या निम्म्या गोष्टी तिथं न सांगता कळतात.

पुढच्या पानांत आधी बघण्याची टिपणं आहेत, मग विचारण्याचे प्रश्न, मग माती, विटा, रंग, पाणी आणि माप यांवरचे उपाय. शेवटी बारा किल्ल्यांच्या ठळक खुणा दिल्या आहेत, म्हणजे प्रतिकृती बघताना काय शोधायचं ते कळेल. ज्या शिक्षकांनी, गवंड्यांनी, कुंभारांनी आणि मुख्य म्हणजे ज्या पोरांनी आपल्या हातचं ज्ञान मोकळेपणानं सांगितलं, त्यांचं हे पुस्तक आहे. मी ते फक्त क्रमानं मांडलं.

पुस्तिकेच्या अखेरीस काही पानं कोरी सोडली आहेत. ती तुमच्यासाठी आहेत. किल्ला बघून झाला की त्यातलं एक पान फाडा, काय आवडलं आणि पुढच्या वर्षी काय करून बघावं ते दोन ओळींत लिहा, खाली आपलं नाव घाला आणि कागद पोरांच्या हातात द्या. पोरं असे कागद जपून ठेवतात, आणि पुढच्या दिवाळीत माती कालवायच्या आधी ते काढून वाचतात.

बोरगाव, ता. निपाणी
कोजागरी पौर्णिमा, शके १९४७